एका मातीचा व्होल्ट

उद्यमबागेत मी जळक्या मोटारी भरते.
एकोणीस वर्षं.
तांब्याची तार बोटांना आता केसासारखी लागते,
वेणी घालावी तशी स्लॉटात बसते.
वेढे मी मराठीत मोजते, साठच्या पुढे कन्नडात.
शेजारच्या टेबलावर निंगव्वा बसायची,
तिच्याकडून लागलेली सवय.

या खेपेला मोटार नव्हती.
नांगराचा एक जुना बोल्ट, वीतभर,
त्यावर लोखंडाची उघडी तार
आणि तिच्या कुशीला तांब्याची, सुती धाग्यात गुंडाळलेली.
दोघी लगटून जायच्या,
पण उघड्या अंगानं शिवायचं नाही.
प्रत्येक थरावर चिंधी, नवऱ्याच्या लुंगीची.
विचारायचं तरी, तो म्हणाला.
दोनशे चाळीस वेढे.
टोकं चार: दोन आतच मिटवली,
दोन वर काढली, मीटरसाठी.

रविवारी खानापूरला, नणंदेच्या परड्यात
कोपरभर खड्डा खणला.
लाल माती. शेजारची लगमव्वा
भांडी विसळलेलं पाणी घेऊन आली, ओतलं,
आणि माझ्याही आधी मीटरवर वाकली.
एष्टु बंतु?
शून्य पॉइंट पाच सात.
इष्टेना?
एवढंच, मी म्हटलं, पहिल्या दिवशी एवढंच.

मग हावरटासारख्या अजून चार गुंडाळल्या.
त्याच वाफ्यात ओळीनं पुरल्या,
हिचं शेपूट तिच्या तोंडात, पाचही जोडल्या.
मीटर: शून्य पॉइंट सहा.
तार तुटली असेल म्हणून सगळ्या उकरल्या.
दातांनी टोकं सोलली, पुन्हा पुरल्या.
शून्य पॉइंट सहा.
तिसऱ्या रविवारी उकिडवी बसल्या बसल्या कळलं,
सगळ्या एकाच ओलीत बसल्यात,
मी वर जे बांधते
ते माती खाली सोडवते.

दुंडाप्पा कुंभाराकडून पाच गाडगी आणली,
भट्टीत वाकडी झालेली, कमी पैशांत.
त्याच खड्ड्यातली तीच माती
पाच ठिकाणी भरली,
गाडगी कोरड्या कौलांवर ठेवली,
एकीची ओल दुसरीला लागू नये म्हणून.
दोन पॉइंट सात.
तुटक्या चार्जरातला लाल एलईडी
मुंगीच्या डोळ्याएवढा पेटला.

लगमव्वानं टाळी वाजवली.
मला ते तितकं आवडलं नाही, खरं सांगते.
एक होती तोवर अर्ध्या व्होल्टची,
आणि वाटणी केली की दिवा?
आमच्याकडं हे कुणाला सांगायची सोय नाही.
लगेच कुणीतरी माइक घेऊन उभा राहील,
दोन्हीकडचा.

दुंडाप्पाला मात्र सांगितलं.
त्याच्या दारातली पाटी त्यानं किती वेळा
पुसून पुन्हा रंगवली, त्याचा त्यालाच हिशेब नाही.
तो चाकावरून हात न काढता म्हणाला,
वाढत न्हाई गे, नुसतं दिसूलालंय.

अकरा दिवस जळला.
बाराव्या दिवशी मी एक गाडगं फोडलं.
तांबं जसंच्या तसं, जरा हिरवट, एवढंच.
लोखंडाची तार मात्र
चिमटीत घेतली तर पीठ झाली.
लुंगीवर गंजाचा डाग, धुऊन न जाणारा.
मातीनं काही दिलं नव्हतं.
लोखंड झिजत होतं आणि
त्या झिजण्याला आम्ही उजेड म्हणत होतो.

बाकीची चार अजून परड्यात आहेत.
लगमव्वा रोज त्यांना तांब्याभर पाणी घालते,
मिरचीच्या रोपांना घालते तसंच, त्याच फेरीत.
गेल्या रविवारी मी मीटर लावला.
एष्टु बंतु, ती तिकडून ओरडली.
मी आकडा वाचला,
खिशातल्या चिठ्ठीवर लिहिला,
आणि म्हटलं, घाल अजून थोडं.